साम, दाम, दंड आणि रोखा

बोलणाराचे हुलगे विकले जातात आणि न बोलणाराचे गहूं पडून राहतात, ही म्हण आमच्या पेठेंत कोणास ठाऊक नाहीं? दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या प्रत्येकानें ती लहानपणींच ऐकलेली असते, आणि तिच्यांतील व्यवहारज्ञानाविषयीं कोणी शंका घेत नाहीं. परंतु या म्हणींत विचार आहे तो विकणाराचा. गव्हाच्या भावानें हुलगे घरीं नेणाऱ्या गिऱ्हाइकाचें पुढें काय झालें, हें ती सांगत नाहीं. इतिहास मात्र तें सांगतो; आणि आज आम्हांस याच विसरलेल्या गिऱ्हाइकाची बाजू मांडावयाची आहे.

आमच्या राजनीतिशास्त्रांत कार्य साधण्याचे चार उपाय सांगितले आहेत. शास्त्रकारांचा शब्द 'दान' असा आहे. लोकांच्या तोंडीं त्याचें 'दाम' झालें, आणि साम, दाम, दंड, भेद ही चौकडी घरोघर रूढ झाली. साम म्हणजे पटविणारी वाणी, दाम म्हणजे द्रव्य, दंड म्हणजे सत्ता. एकट्या दंडानें राज्य फार दिवस चालत नाहीं. कारण प्रत्येक माणसामागें एक शिपाई ठेवणें कोणत्याच खजिन्यास परवडत नाहीं. एकट्या दामानेंही चालत नाहीं. कारण विकत घेतलेला माणूस अधिक भाव देणाराकडे जातो. दोघांनाही लोकांची संमति लागते, आणि ती मिळवून देण्याचें काम वाणी करिते. म्हणून वाणी चांगली कीं वाईट, हा वाद व्यर्थ आहे. ज्यास ती ऐकविली जाते, त्याला तिच्या पाठीमागचा हिशेब पाहण्याची सोय व ताकद आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें एकाच नगरीच्या इतिहासांत सांपडतात. ग्रीस देशांतील अथेन्स येथें राज्यकारभार नागरिकांच्या सभेंत चाले. ख्रिस्तपूर्व ४८३ च्या सुमारास लॉरियम येथील सरकारी खाणींत रुप्याचा मोठा साठा लागला. तें रुपें दर माणशीं दहा द्राख्मा याप्रमाणें नागरिकांत वांटून टाकावें, असा विचार चालला होता. थेमिस्टोक्लीझ नांवाच्या पुढाऱ्यानें सभेंत उभें राहून सांगितलें कीं, हा पैसा वांटून खाऊं नका. यांतून लढाऊ गलबतें बांधा. शेजारच्या ईजायना बेटाशीं वैर चालू होतें, तें कारण त्यानें पुढें केलें. लोकांनीं हातीं येणारा पैसा सोडला. तीन वर्षांनीं, ख्रि. पू. ४८० मध्यें, इराणच्या बादशहाचें आरमार चालून आलें, तेव्हां सॅलॅमिसच्या खाडींत याच गलबतांनीं अथेन्सचें स्वातंत्र्य वांचविलें.

यानंतर पासष्ट वर्षांनीं, ख्रि. पू. ४१५ मध्यें, त्याच सभेपुढें दुसरा प्रस्ताव आला. सिसिली बेटांतील एगेस्टा नांवाच्या शहरास शेजाऱ्यांविरुद्ध मदत हवी होती. आमच्या शहरांत द्रव्याला तोटा नाहीं, तुमच्या आरमाराचा खर्च आम्ही सोसूं, असें त्याचे वकील सांगत होते. खरेंखोटें पाहण्यासाठीं अथेन्सनें आपलीं माणसें पाठविलीं. एगेस्टाच्या लोकांनीं त्यांना घरोघर मेजवान्या दिल्या, आणि प्रत्येक घरीं सोन्यारुप्याचीं भांडीं मांडलीं. भांडीं बहुतेक तींच होतीं: शेजारच्या शहरांतून मागून आणलेलीं आणि एका घरांतून दुसऱ्या घरीं फिरविलेलीं! पाहुण्यांनीं परत येऊन त्या संपत्तीचें रसभरित वर्णन केलें. साठ टॅलंट वजनाचें रुपेंही वकिलांनीं बरोबर आणलें होतें. मग अल्किबायडीझ या तरुण, देखण्या व वाक्पटु पुढाऱ्यानें मोहिमेच्या बाजूनें भाषण केलें. वयस्क सेनापति निकिआस यानें विरोध केला. खर्चाचा अवाढव्य आंकडा सांगून लोकांना भिवविण्याचाही त्यानें प्रयत्न केला. लोक भिण्याऐवजीं तेवढा खर्च मंजूर करून मोकळे झाले. इतिहासकार थ्युसिडिडीझ सांगतो कीं, ज्यांना मनांतून ही मोहीम पसंत नव्हती, तेही स्वदेशाचे वैरी ठरण्याच्या भीतीनें गप्प बसले. आरमार सिसिलीस पोहोंचलें तेव्हां एगेस्टाच्या खजिन्यांत अवघे तीस टॅलंट निघाले. ख्रि. पू. ४१३ मध्यें तें सैन्य आणि तें आरमार दोन्हीं नष्ट झालीं.

दोन्हीं वेळां सभा तीच, लोकसत्ता तीच, वक्तेही सारखेच कसलेले. परंतु पहिल्या वेळीं रुपें लोकांचें स्वतःचें होतें. खाण त्यांची आणि हिशेबही त्यांचा. दुसऱ्या वेळीं रुपें परक्याचें होतें, परक्याच्या घरीं पाहिलेलें होतें, आणि तें कोणीं मोजलें नव्हतें. भांडीं पाहिलीं, तिजोरी पाहिली नाहीं. पेढीवर बसणाऱ्या आमच्या वाचकांस यापेक्षां अधिक सांगण्याची गरज नाहीं.

वाचक म्हणतील, ग्रीस दूर आणि गोष्ट जुनी. तर मग आमच्याच दख्खनची, दीडशें वर्षांपूर्वींची हकीकत घेऊं. येथें सभा नव्हती आणि अल्किबायडीझही नव्हता. तरी साम, दाम व दंड हे तिन्हीं होते. आणि येथला साम तर लेखी होता.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि इंग्रजांचा अंमल सुरू झाला. पुढें रयतवारी पद्धतीनें सारा प्रत्येक खातेदारावर वेगळा बसला. तो रोख आणि ठरल्या हप्त्यास भरावयाचा. पीक बुडालें तरी हप्ता चुकेना, आणि हप्ता आला कीं सावकाराचें दार चुकेना. सावकार पेशवाईंतही होता आणि व्याजही घेत होता. परंतु तेव्हां वसुलीसाठीं त्याला गांवाच्या तोंडाकडे पाहावें लागे. आणि व्याज मुद्दलापेक्षां अधिक होऊं नये, हा दामदुपटीचा दंडक लोकांस ठाऊक होता. नव्या अंमलांत दिवाणी कोर्टें आलीं. कोर्टाला गांव दिसत नसे; त्याला कागद दिसे.

तो कागद म्हणजे रोखा. लिहिणारा सावकार वा त्याचा कारकून. वाचून दाखविणाराही तोच. आणि ज्याच्या नांवें तो लिहिला, तो कुणबी त्याखालीं नांगराची निशाणी करून मोकळा होई. कागदांत आंकडा कोणता पडला, मागली रक्कम वजा झाली कीं नाहीं, हें समजण्यास त्याला मार्ग नव्हता. जें तोंडीं सांगितलें त्यावर कुणब्याचा विश्वास. जें लिहिलें त्यावर कोर्टाचा विश्वास. या दोन विश्वासांमधल्या फटींतून त्याची जमीन गेली.

सरकारचा हेतु प्रत्येक वेळीं वाईटच होता, असेंही म्हणतां येत नाहीं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें अशा रोख्यांना तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु हा कीं, व्याज वर्षानुवर्षें साचत राहूं नये. सावकारानें दर तीन वर्षांनीं नवा रोखा लिहून घ्यावयास आरंभ केला. मागलें मुद्दल व व्याज मिळून त्यांत नवें मुद्दल ठरे, आणि त्यावर पुन्हां व्याज चढे. ऋणकोच्या रक्षणासाठीं घातलेली मुदत हीच त्याच्या गळ्याचा फांस झाली. पुढें नेमलेल्या चौकशी मंडळापुढें आलेल्या एका प्रकरणांत शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारलेलें आढळलें.

त्यांतच १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांच्या भागांपायीं शहाणेसुरते लोक वेडे झाले. त्या पैशाचा पाट दख्खनच्या खेड्यांपर्यंत पोहोंचला. मागेल त्याला कर्ज मिळूं लागलें. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि भाव कोसळले. मुंबईंत कंपन्या व पेढ्या बुडाल्या. प्रत्यक्ष बँक ऑफ बॉम्बेस १८६८ मध्यें गाशा गुंडाळावा लागला. खेड्यांत सावकारानें हात आंखडता घेतला आणि जुनें येणें मागण्याचा तगादा लाविला. नेमकी याच सुमारास, १८६७ पासून, सरकारनें साऱ्याची फेरआकारणी सुरू केली आणि तो बराच वाढविला. इकडे दाम आटला, तिकडे दंड वाढला.

रयतेनें प्रथम आपल्या परीनें सामाचाच मार्ग धरला. कांहीं गांवांनीं एकजूट करून सावकारांवर बहिष्कार घातला: त्यांच्या दुकानीं जिन्नस घेऊं नये, त्यांची हजामत करूं नये, त्यांचें पाणी भरूं नये. त्यानें भागलें नाहीं. १२ मे १८७५ रोजीं, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं, पुणें जिल्ह्यांतील भीमथडी तालुक्यांत सुपें येथें लोक उठले, आणि पुढें पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गांवांत हें लोण पसरलें. या दंग्यांचें एक लक्षण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. सावकारांचे प्राण घेणें हा लोकांचा हेतु नव्हता. त्यांनीं रोखे व वह्या मागितल्या, आणि मिळाल्या तेथें त्यांची होळी केली. आम्ही दंग्याचें समर्थन करीत नाहीं. कागद जाळल्यानें ऋण फिटत नाहीं, आणि आग लागली म्हणजे ती दोषी कोण व निर्दोष कोण हें विचारीत बसत नाहीं. परंतु जो कागद त्याला वाचतां येत नव्हता, त्याच्याशीं वाद घालण्याचा कुणब्यास ठाऊक असलेला तो एकच मार्ग उरला होता, हें विसरून चालणार नाहीं.

या प्रकरणीं परमुलखांतून आलेल्या सावकारांवर सगळा दोष लोटून देण्याची चाल पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. सावकाराची जात बदलल्यानें व्याजाचा दर बदलत नाहीं. दोष रचनेचा होता, आणि त्या रचनेंत आमच्या वकिलीच्या धंद्याचा वांटा लहान नव्हता. हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. पण लिहिलें पाहिजे. सावकाराजवळ दाम होता आणि सरकारजवळ दंड होता. त्या दोघांना जोडणारा शब्द वकिलाचा होता. दावे बहुतेक एकतर्फी निघत. कुणबी कोर्टांत येतच नसे. आला तर निशाणी माझीच असें म्हणे, आणि तेवढ्यानें खटला संपे. निशाणी सिद्ध झाली; व्यवहार सिद्ध झाला नाहीं. वकिलांस या दोहोंतील अंतर पुरतें ठाऊक होतें, पण त्याविषयीं बोलण्याची फी कोणी देत नव्हतें.

अखेर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या ऋणनिवारणाचा कायदा झाला आणि तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं याच कायद्याखालीं विशेष न्यायाधीशाचें काम केलें. कायद्याचें सार थोडक्यांत सांगतां येईल. न्यायाधीशानें रोख्यावर थांबूं नये. व्यवहाराचा आरंभ झाला तेथपासून हिशेब तपासावा; मुद्दल वेगळें आणि व्याज वेगळें मांडावें. धनकोनें पावती द्यावी व हिशेबाचा उतारा द्यावा. शेतकऱ्याचा दस्तऐवज गांवच्या नोंदणी अंमलदारासमोर व्हावा. कर्जाच्या वसुलीसाठीं त्यास कैदेंत टाकूं नये. म्हणजे जी गोष्ट अथेन्सच्या पाहुण्यांनीं केली नाहीं, ती करण्याचा हुकूम न्यायाधीशास झाला: भांडीं पाहून परतूं नका, तिजोरी उघडा.

या कायद्यानें सर्व दुःख संपलें, असें आम्ही म्हणत नाहीं. सावकारांनीं गहाणखताऐवजीं खरेदीखत लिहून घेण्याची युक्ति काढली. जमीन परत देण्याचें वचन तेवढें तोंडीं राही. मोठी उणीव निराळीच होती. कायद्यानें न्यायाधीशास वाचावयास लाविलें; कुणब्यास वाचतां येईल अशी तजवीज त्यांत नव्हती. ही उणीव जोतीराव फुले यांनीं नेमकी ओळखली होती. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर शिक्षण आयोगास दिलेल्या निवेदनांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो. म्हणून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी त्यांची मागणी होती. सावकारीवरचा उतारा ते शाळेंत शोधीत होते, आणि तो शोध बरोबर होता.

येथें आमचे व्यापारी वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. ते म्हणतील, कोर्टें जर रोख्याच्या मागें जाऊं लागलीं, तर लिहिल्या शब्दाला किंमत काय राहिली? पेठ चालते ती शब्दावर. हुंडी पटली नाहीं तर पत जाते, आणि पत गेली तर दुकान जातें. आम्हांस हें सर्व कबूल आहे. परंतु हुंडीला मान आहे तो कशामुळें? लिहिणारा आणि स्वीकारणारा दोघेही ती वाचतात व समजतात म्हणून. जो शेट दुसऱ्या पेढीची हुंडी घेण्यापूर्वीं चार ठिकाणीं चौकशी करितो, त्यानेंच न वाचतां केलेल्या निशाणीचें पावित्र्य सांगावें, हें शोभत नाहीं. कराराला बळ येतें तें दोघांच्या समजुतीनें. समजूत एकाचीच असेल, तर त्या कागदाला कायदा काय म्हणेल तें म्हणो, व्यापार म्हणतां येणार नाहीं.

हा इतिहास उगाळण्याचें कारण असें कीं, रोखा अजून मेलेला नाहीं. २०१८ सालीं सरकारनें निवडणूक रोखे काढले. नागरिकानें वा कंपनीनें ते भारतीय स्टेट बँकेंतून विकत घ्यावे व राजकीय पक्षास द्यावे, आणि देणाराचें नांव मतदारास कळूं नये, अशी त्यांची रचना होती. सुप्याच्या कुणब्यास रोखा दिसत होता, पण वाचतां येत नव्हता. मतदार वाचावयास शिकला, तर रोखाच दिसेनासा झाला! १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें एकमतानें ती योजना घटनाबाह्य ठरविली. पक्षांस पैसा कोठून मिळतो हें जाणणें मतदाराच्या माहितीच्या हक्कांत येतें, असा निर्णय देऊन न्यायालयानें तपशील जाहीर करण्याचा हुकूम केला, आणि मार्च २०२४ मध्यें त्या याद्या लोकांपुढें आल्या. कोणत्या पक्षास किती मिळालें, हा आमच्या लेखाचा विषय नाहीं. रोख्यामागें जाऊन हिशेब पाहण्याचें जें तत्त्व १८७९ सालीं कुणब्याच्या बाजूनें मान्य झालें, तेंच येथें मतदाराच्या बाजूनें मान्य झालें, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे. परंतु याद्या लागल्या म्हणजे त्या वाचल्या गेल्या, असें होत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कितीजणांनीं त्या उघडून पाहिल्या, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

दुसरें उदाहरण तर प्रत्येकाच्या खिशांत आहे. मोबाइलवर पांच मिनिटांत कर्ज मिळतें. शर्तींचीं पानेंच्या पानें वर सरकवून 'मान्य आहे' या अक्षरांवर बोट टेंकविलें कीं काम झालें. तें बोट आणि ती नांगराची निशाणी यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं. कुणब्यास वाचतां येत नव्हतें, आम्ही वाचीत नाहीं. अशा कर्जांचा एकंदर वार्षिक दर व सर्व आकार स्पष्ट मांडणारें पत्रक करारापूर्वीं कर्जदारास दिलें पाहिजे, असा नियम रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०२२ मध्यें केला. नियम चांगला आहे. पण पत्रक देणें सावकाराच्या हातीं आणि वाचणें आमच्या हातीं आहे; दुसरी गोष्ट कोणत्याही नियमानें करवून घेतां येत नाहीं.

तेव्हां करावें काय? वक्त्यांचीं तोंडें बंद करावींत, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तसें केलें तर थेमिस्टोक्लीझही गप्प बसेल आणि आलेलें रुपें वांटून खाल्लें जाईल. आमचें सांगणें साधें आहे. वकिलांनीं सहीसाठीं पुढें केलेला कागद अशिलास कळेल अशा मराठींत आधीं समजावून द्यावा, आणि मगच फी घ्यावी. व्यापाऱ्यांनीं उधारीच्या गिऱ्हाइकास खात्याचा उतारा न मागतां द्यावा. ज्याचा हिशेब सरळ आहे, त्याचें त्यांत कांहीं जात नाहीं. सुशिक्षितांनीं आपल्या घरीं काम करणाऱ्या माणसांचे बँकेचे व कर्जाचे कागद एकदां तरी त्यांच्याशेजारीं बसून वाचावे. आणि सभेस जाणाऱ्या प्रत्येकानें, वक्त्यास टाळी देण्यापूर्वीं, या सभेचा खर्च कोणीं केला आणि तो तो कोणाकडून वसूल करणार, एवढें विचारावें. असें विचारणाऱ्यास देशाचा वैरी ठरविण्यांत येईल, ही भीति अथेन्समध्येंही होती. त्या भीतीनें जे गप्प बसले, त्यांचीं मुलेंही त्याच गलबतांतून सिसिलीस गेलीं.

हुलगे विकणारा बोलणारच. त्याचा तो धंदा आहे. गिऱ्हाइकानें घरीं जाण्यापूर्वीं पिशवी उघडून पाहावी.